घरच्या हॉलमध्ये ॲक्शन पिक्चर आणि बोर्ड गेमची रात्र: दहाच्या आत धडामधुडूम, दहानंतर डोकं

पहिल्यांदा आम्ही हा उद्योग केला तेव्हा पार फसला होता, त्यामुळे तिथूनच सुरू करतो. आमचं घर ठाण्यात घोडबंदर रोडला, वाघबीळजवळ, टू बीएचके, आणि हॉल म्हणजे सोफा भिंतीला ढकलला की नऊ माणसं जेमतेम मावतात एवढाच. प्लॅन काय तर शनिवारी आधी जेवण, मग पिक्चर, मग कॅटान, म्हणजे वीट-मेंढ्यांच्या कार्डांची देवाणघेवाण करत बेटावर घरं बांधायचा बोर्ड गेम. नेरूळची मंडळी माजिवड्याच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकली ती साडेआठला उगवली, जेवणं होईस्तोवर साडेनऊ, पिक्चर तीन तासांचा, सव्वादहाला खालच्या काकांचा इंटरकॉम, मग आवाज इतका कमी केला की हीरो काय बोलतोय कोणालाच कळेना, आणि पाऊण वाजता मी कॅटानचा डबा उघडून नियम सांगायला लागलो तर मेव्हणा चक्क घोरत होता.

त्यानंतर बऱ्याच शनिवारी चुका करून करून एकच गोष्ट पक्की झालीये, ती म्हणजे सगळा कार्यक्रम रात्री दहाच्या काट्याभोवती बांधायचा. आवाजाचं जे काही आहे ते दहाच्या आत उरकायचं, डोक्याचं जे काही आहे ते दहानंतर काढायचं. बाकी सगळं याच्यातूनच निघतं.

आधी वेळेचं गणित

साडेसातला पिक्चर सुरू, मध्ये वीस-पंचवीस मिनिटं इंटरव्हल, दहाच्या आसपास संपला पाहिजे. म्हणजे पिक्चर दोन तासांच्या आतला हवा. तीन तासांवाला कितीही आवडता असला तरी त्याच्यासाठी वेगळी रविवारची दुपार ठेवा, त्या दिवशी गेमचं नाव काढायचं नाही.

आता प्रश्न असा की लोक साडेसातला येतात कुठे. ऐरोली-नेरूळकडून ट्रान्स हार्बर लोकलनं ठाण्याला उतरून येणारा माणूस आणि स्वतःची गाडी काढून घोडबंदरनं येणारा माणूस यांच्यात तासाभराचा फरक पडू शकतो, आणि गंमत म्हणजे गाडीवालाच उशिरा येतो. म्हणून मी सगळ्यांना साडेसहा सांगतो आणि साडेसहा ते साडेसात असं काहीतरी चालू ठेवतो ज्यात येणारा माणूस आला की लगेच शिरू शकेल. इथे बदाम सात, झब्बू, उनो, नाहीतर कॅरम. बदाम सातचा डाव दहा मिनिटांत संपतो, नवा आला की पुढच्या वाटपात घ्यायचा, संपला विषय. उनो खेळणार असाल तर एक भांडण आधीच मिटवून ठेवा, प्लस टूवर प्लस टू चढवायचं की नाही. मूळ नियमात चालत नाही, पण निम्म्या घरांत चालतं, आणि ही गोष्ट डाव रंगात आल्यावर निघाली की रडीचा डाव सुरू.

कॅरमही याच तासात. दहानंतर कॅरम काढायचाच नाही, कारण स्ट्रायकर लाकडी कडेवर आपटल्याचा जो ठक्क आवाज येतो तो स्लॅबमधून खाली बरोब्बर पोचतो.

एक जास्तीची युक्ती. टीव्हीवर तोपर्यंत आवाज बारीक ठेवून गाजलेले सुटे ॲक्शन सीन लावून ठेवायचे. 'शोले'मधली ट्रेनवरची मारामारी लावा, ती पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर शूट झालीये आणि त्या एका सीनला सात आठवड्यांवर वेळ लागला होता. पनवेलला राहणारा कोणी पाहुणा असला की तो हमखास टीव्हीसमोर उभा राहून "हे कुठलं असेल रे" सुरू करतो. नाहीतर जॅकी चॅनच्या १९८५ च्या 'पोलीस स्टोरी'मधला मॉलचा शेवट लावा, ज्यात तो दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून घसरत खाली येतो, त्यात त्याचे हात खरोखर भाजले होते. मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेलं पोरगंही वर बघतं.

पिक्चर कुठला लावायचा

यावर भांडणं होतात, म्हणून मतदान ठेवूच नका. घरवाल्यांनी दोन निवडायचे, पाहुण्यांनी त्यातला एक. निवडताना मी तीन गोष्टी बघतो.

एक, गोष्ट एका वाक्यात सांगता येते का. कारण कोणीतरी उशिरा येणार, कोणीतरी पोहे परतायला किचनमध्ये जाणार, त्यांना परत आल्यावर पकडता आली पाहिजे. १९९४ चा 'स्पीड' याचा बाप आहे. बसचा वेग ताशी ५० मैलांच्या खाली आला की बॉम्ब फुटणार, बस. (घोडबंदरला ती बस पातलीपाड्याच्या आधीच उडाली असती हा जोक आमच्याकडे दर वेळी होतो आणि दर वेळी सगळे हसतात.)

दोन, मारामारीत कोण कुठे आहे ते कळतं का. हे फार लोक बघत नाहीत. कॅमेरा नुसता हलवून आणि पटापट कट मारून केलेली ॲक्शन थिएटरात खपून जाते, घरी ४३ इंची टीव्हीवर आणि निम्मी मंडळी तिरकी बसलेली असताना नुसता गोंधळ दिसतो. २०१५ चा 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' घ्या, त्यात कट भयानक फास्ट आहेत पण जॉर्ज मिलरनं महत्त्वाची गोष्ट मुद्दाम फ्रेमच्या मध्यावर ठेवलीये, त्यामुळे डोळा इकडेतिकडे शोधत बसत नाही. एडिटिंगचं ऑस्कर त्या पिक्चरला उगाच नाही मिळालं. वर लांबी बरोब्बर दोन तास, म्हणजे आपल्या दहाच्या काट्यात बसतो.

तीन, पोरं आहेत का. ॲक्शन म्हणजे सगळं पोरांना चालतं असं आपण धरून चालतो आणि मग पाचव्या मिनिटाला उशी डोळ्यांवर धरायची वेळ येते. २०११ चा इंडोनेशियाचा 'द रेड' हा ॲक्शनवाल्यांसाठी सोनं आहे, जवळजवळ सगळी गोष्ट एका बिल्डिंगमध्ये, पण रक्तपात इतका की शाळकरी पोर घरात जागं असेल तर लावूच नका. आता सर्टिफिकेटमध्येही यूए ७+, १३+, १६+ असे टप्पे आलेत, ओटीटीवर सुरुवातीला कोपऱ्यात येतं ते, तेवढं वाचा की.

भाषेचं फार टेन्शन नको. आजी असेल तर हिंदी डब, नसेल तर मूळ भाषा आणि सबटायटल. चांगल्या ॲक्शन पिक्चरमध्ये तसंही बोलणं कमीच असतं.

टीव्हीचं पाच मिनिटांचं काम

पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमनं शूट होतो. टीव्हीवाले त्याच्यात मधल्या खोट्या फ्रेम घालून तो गुळगुळीत करतात, म्हणून करोडोंचा पिक्चर दुपारच्या सिरीयलसारखा दिसतो. सेटिंगमध्ये ट्रूमोशन, मोशनफ्लो, मोशन असं काहीतरी नाव असेल, ते बंद करा. फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा, एका बटणात काम होतं.

अंतर म्हणाल तर टीव्हीच्या तिरक्या मापाच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट. ४३ इंचीला पावणेसहा फूट, ५५ इंचीला सव्वासात फूट. म्हणजे आपल्याकडच्या हॉलमध्ये सोफा बऱ्याचदा लांबच पडतो, पुढे गादी घालून बसणाऱ्यांची चंगळ. फक्त टीव्ही शोकेसच्या वर उंच टांगलेला असेल तर गादीवाल्यांच्या माना दुखतात, स्टँड पुढे झुकणारा असेल तर थोडा झुकवून घ्या. ट्यूबलाईट बंद, टीव्हीच्या मागे एक छोटा दिवा चालू. नेट पावसात दगा देतं, राऊटरला छोटा यूपीएस लावा, लाईट गेली तरी निदान मोबाईलवर बघता येईल. आणि लाईट गेली तर पत्ते आहेतच.

आवाज: इथे खरी मेहनत

"बोलणं ऐकू येत नाही, फटाके मात्र कान फाडतात" ही तक्रार प्रत्येक घरात आहे. कारण साधं आहे. पिक्चरचा आवाज थिएटरसाठी मिक्स केलेला असतो, हळू आणि मोठा यात मुद्दाम खूप अंतर ठेवलेलं असतं, आणि बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येईल असं धरलेलं असतं. आपल्या टीव्हीला मधला स्पीकर नसतो, असतात ते दोन बारके, तेही खाली नाहीतर मागे भिंतीकडे तोंड करून. सगळं त्या दोघांत कोंबलं जातं आणि बोलणं बुडतं.

नुसता टीव्ही असेल तर ॲपमध्ये ऑडिओ ५.१ वर (म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर धरून) असतो तो स्टिरिओवर, म्हणजे दोन स्पीकरवर घ्या, बऱ्याच ठिकाणी तेवढ्यानंच फरक पडतो. मग टीव्हीत किंवा साऊंडबारमध्ये नाईट मोड शोधा, तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज उचलतो. पिक्चरचा दम थोडा कमी होतो हे खरंय, पण रिमोट हातात घेऊन सारखं वर-खाली करण्यापेक्षा परवडलं. साऊंडबार घेणार असाल तर मधला वेगळा स्पीकर असलेला घ्या, म्हणजे डब्यावर ३.१ लिहिलेलं असतं तो. नुसते वॉट बघून घेऊ नका.

आता सबवूफर. हा डबा लोक कोपऱ्यात ठेवतात कारण तिथे जागा असते, आणि कोपऱ्यातच बेस सगळ्यात जास्त फुगतो. वर तो थेट लादीवर असतो, म्हणजे हादरा सरळ स्लॅबमध्ये. खालच्या माणसाला तुमचा पिक्चर ऐकू येत नाही, त्याला फक्त घुम्म घुम्म येतं, आणि ते जास्त वैताग देतं. कोपऱ्यातून फूट-दीड फूट बाहेर ओढा, शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीपासून लांब, आणि खाली जाड रबर किंवा जुनी योगा मॅट चार घड्या करून घाला.

एवढं करून मी एक गोष्ट केली ती सगळ्यांनी करावी. खालच्या काकांकडे सकाळी गेलो, म्हटलं काका, आज एक टेस्ट करूया. बायको वर रिमोट घेऊन, मी काकांच्या हॉलमध्ये फोनवर. गाड्या आपटतात असा एक सीन लावला आणि व्हॉल्यूम एकेकानं चढवत नेला. १६ पर्यंत काही नाही. १९ ला काका म्हणाले, "हं, आता येतंय." २२ ला त्यांच्या शोकेसमधले काचेचे ग्लास एकमेकांना लागून किणकिणायला लागले, काकूंनी आतून येऊन कपाटाला हात लावून बघितला. त्या दिवसापासून आमच्या रिमोटच्या पाठीला पट्टी चिकटवलेली आहे, त्यावर लिहिलंय १६. इंटरकॉम परत वाजला नाही. कायदाही आहेच, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण कायद्यापेक्षा काकांच्या ग्लासांवर माझा जास्त विश्वास बसलाय.

इंटरव्हल आणि खाणं

इंटरव्हल घ्याच. इंग्लिश पिक्चरला ती नसते म्हणून लोक दोन तास ताणून बसतात आणि मग एकेक जण बाथरूमला जातो, प्रत्येक वेळी पॉज. तासाभरानं एखादी मोठी मारामारी संपली की थांबवा. ओलं, तेलकट, रश्शाचं जे असेल ते इथेच संपवायचं. मिसळ, वडापाव, पावभाजी, सगळं आताच. कारण दहानंतर हातात कार्डं येणार आहेत.

हे मी अनुभवानं सांगतोय. आमच्या कॅटानमध्ये विटांची १९ कार्डं आहेत, त्यातल्या एका कार्डाच्या पाठीवर मिसळीच्या तर्रीचा बोटाएवढा नारिंगी डाग आहे. ते कार्ड ज्याच्याकडे जातं त्याच्याकडे वीट आहे हे अख्ख्या हॉलला कळतं, आणि लगेच "दे ना वीट, दोन मेंढ्या देतो" सुरू होतं. गेमच्या वेळी फक्त कोरडं, तेही प्रत्येकाला वेगळी वाटी आणि चमचा. चिवडा चमच्यानं खायला लोक आधी हसतात, मग सवय होते. चहाचे कप स्टुलावर, गेमच्या टेबलावर नाही, इथे कोणाचीही भीड ठेवायची नाही, सासऱ्यांचीसुद्धा.

दहानंतर: गेम कुठला

ॲक्शन पिक्चर संपला की लोकांच्या अंगात एक वेगळाच जोर असतो, सगळे एकदम बोलत असतात, आणि हा जोर साधारण दहा मिनिटं टिकतो. तेवढ्यात गेम टेबलावर लागला नाही की मोबाईल बाहेर येतात आणि मग रात्र संपली. म्हणून गेम संध्याकाळीच मांडून, वर चादर टाकून ठेवा.

टेबल नाहीये? टीपॉय लहान पडतो, मान्य. कॅरम बोर्ड स्टुलावर सरळ ठेवा, वर जाड कापड घाला. आतली जागा ७४ बाय ७४ सेंटिमीटर असते, कॅटानचं बेट आरामात बसतं, आणि कडेची लाकडी पट्टी फासे सोफ्याखाली जाऊ देत नाही. कापडामुळे फाशाचा आवाजही मरतो. पंखा दोनवर, नाहीतर कार्डं उडतात.

माणसं मोजून गेम काढायचा. चौघं असतील आणि सगळे जागे असतील तर कॅटान. पाच जण आणि त्यात एखादी आजी किंवा कधी बोर्ड गेम न खेळलेलं कोणी असेल तर 'टिकिट टू राईड', कारण त्यात आपल्या पाळीला तीनच गोष्टी करता येतात, कार्डं उचला, नाहीतर डबे लावून मार्ग घ्या, नाहीतर नवी तिकिटं घ्या. प्रत्येकाकडे ४५ डबे, कोणाकडे दोन किंवा त्याहून कमी उरले की शेवटची फेरी. माझ्या आईनं आयुष्यात लुडोपलीकडे काही खेळलं नव्हतं, तिला हा पहिल्या डावात जमला. पिक्चर पाठलागाचा असेल तर 'स्कॉटलंड यार्ड' लावा, १९८३ चा जर्मन गेम आहे पण आपल्याकडे सहज मिळतो. एक जण मिस्टर एक्स, बाकी सगळे डिटेक्टिव्ह, एक्स लपून फिरतो आणि ३, ८, १३, १८ अशा ठरलेल्या चालींनाच तोंड दाखवतो. डब्यात टोपीही असते, एक्सची नजर नकाशावर कुठे जाते ते दिसू नये म्हणून. मेव्हणा ती टोपी घालतो तेव्हा अगदी रिक्षा युनियनचा लीडर दिसतो.

सहाच्या वर माणसं असली की माझं मत सरळ आहे, 'कोडनेम्स'. पण इंग्लिश शब्दांचा डबा आणायच्या भानगडीत पडू नका, मराठीत घरी बनवा, दसपट मजा येते. कशी ते सांगतो.

जुन्या व्हिजिटिंग कार्डांच्या पाठीवर स्केचपेननं एकेक शब्द लिहायचा. शंभर-सव्वाशे शब्द करून ठेवा, दर डावाला २५ काढून पाच बाय पाच मांडायचे. शब्द असे निवडायचे की एकाचे दोन-तीन अर्थ निघतील, आणि यात मराठी म्हणजे खाण आहे. पान, वार, कर, नाव, मान, माळ, तार, काळ, दल, पूर. दोन टीम, प्रत्येकीचा एक सांगणारा. दोन्ही सांगणाऱ्यांसमोर एकच चौकटीचा कागद, तो बाकीच्यांना दाखवायचा नाही. त्यात पहिल्या टीमचे ९ शब्द, दुसरीचे ८, कोणाचेच नाहीत असे ७ आणि एक काळा शब्द, ज्यावर बोट ठेवलं की डाव तिथेच हरलात. सांगणाऱ्यानं इशाऱ्याचा एक शब्द आणि त्यात आपले किती शब्द बसतात तो आकडा एवढंच बोलायचं, ते शब्द टीमनं ओळखायचे. चेहरा दगड.

मागच्या खेपेला माझी पाळी होती. माझे दोन शब्द राहिले होते, वार आणि दल. मी खुशीत म्हटलं, "लढाई, दोन." भाच्यानं लगेच वार उचलला. मग मावशी पुढे झाली आणि ठामपणे 'कर' वर बोट ठेवलं, "लढाई कर, असंच म्हणतात की!" कर समोरच्यांचा होता. मी तोंड उघडू शकत नाही, नियमच आहे, आणि मावशी माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेनं बघतीये. पुढच्याच पाळीला ते जिंकले.

पोरं जागी असतील तर त्यांना लिंबूटिंबू करून एकेका टीमला जोडून द्या, कार्डं उलटायचं काम त्यांचं.

नियम सांगायची पद्धत

बहुतेक गेम इथेच मरतात. नियमांचं पुस्तक लोकांसमोर उघडून वाचायला लागलात की संपलं. आदल्या दिवशी स्वतः वाचा, एकट्यानं दोन्ही बाजूंनी दोन-चार पाळ्या खेळून बघा. मग सांगताना आधी जिंकायचं कसं ते सांगा, मग आपल्या पाळीला काय करायचं, मग गेम संपतो कधी. कॅटान असेल तर "पहिला दहा पॉइंटवाला जिंकला" हे पहिलं वाक्य. बाकी बारकावे वेळ येईल तसे. पहिली फेरी सगळ्यांची कार्डं उघडी ठेवून खेळायची, ती मोजायची नाही. आणि कॅटानमध्ये नवख्याला एवढं नक्की सांगा की लाल आकडे म्हणजे ६ आणि ८ च्या शेजारी घर बांध, कारण दोन फाशांत ते प्रत्येकी ३६ पैकी ५ वेळा येतात आणि २ किंवा १२ एकेकदाच. हे न सांगता हरवण्यात काय मर्दुमकी.

हे सगळं करूनही लोक दमलेले दिसले तर मोठा गेम गुंडाळा आणि मेंढीकोट काढा. चौघं, दोन जोड्या, दश्श्या पकडायच्या, नियम सांगावे लागत नाहीत. दोन जण उरले तर ते चहा करतील.

आवरताना

पाहुणे चपला घालायच्या आत सोंगट्या मोजा, ते जाऊ देत मग बघू असं म्हणालात की हरवलंच. आम्ही प्रत्येक रंगाला वेगळी झिपची पिशवी केलीये, त्यावर आकडा लिहिलाय, एक टीम आवरते आणि दुसरी मोजते. नेरूळवाल्यांना शेवटची गाडी पकडायची असते, त्यांच्यापैकी एकाला लोकलच्या वेळा दाखवणारं एम-इंडिकेटर ॲप बघायला बसवायचं, बाकीचे हात लावतात.

पावसाळ्यात खाडीकाठच्या आपल्या हवेत पुठ्ठा वाकतो आणि कार्डं चिकटतात. बुटांच्या डब्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या साठवून गेमच्या डब्यात टाका. कॅरम भिंतीला तिरका टेकवून ठेवला की बाक येतो, तो सपाट किंवा अगदी सरळ उभा ठेवा, आणि खेळायच्या आधी अर्धा तास वर बल्ब लटकवा, क्लबात लावतात तसा, मग पावडर गोळा होत नाही. कार्डांना प्लास्टिकचे स्लीव्ह घाला, पण माप मिलिमीटरमध्ये मोजूनच. नेहमीचे पत्ते ६३ बाय ८८ असतात, कॅटानची कार्डं त्याहून लहान. मी न मोजता मागवले, ते एवढे मोठे निघाले की कार्डं आत खुळखुळतात. त्या तर्रीच्या डागाच्या विटेवर मात्र एक मुद्दाम घातलाय. पारदर्शक आहे, डाग तसाच दिसतो, आणि आता तो पुसायला कोणी तयार नाही.